फौजदाराची गुरगुर

आमच्या शेजारच्या तेलकाकांशी कधीच भांडला नाही असा माणूस आमच्या गल्लीत सापडायचा नाही. सगळ्या भांडणांचं मूळ एकच, आवाज. काका स्वतः आवाज करत नाहीत. दुसऱ्याने केलेला त्यांना सोसत नाही.

त्यांचा धंदाच मुळी कुरकुर बंद करण्याचा. दाराच्या बिजागऱ्या, दुकानांची शटरं, छताचे पंखे, शिवणयंत्रं, बाबागाड्यांची चाकं, कुठेही काही किरकिरलं, करकरलं, खडखडलं की लोक काकांना हाक मारतात. जिन्याखाली त्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक फळी, फळीवर तेलाचे आणि ग्रीसचे डबे, खाली चिंध्यांचं गाठोडं आणि मध्ये बगळ्यासारख्या लांब चोचीची तेलाची कुपी. तिचा बुडखा अंगठ्याने दाबला की ‘टक्’ होतं आणि थेंब पडतो. जगातला तेवढाच एक आवाज काकांना मंजूर. वर्षानुवर्षं कुपी दाबून त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा चमच्यासारखा पसरट झाला आहे.

काका कुठेही जाताना कुपी खिशात घेऊनच जातात. एकदा आजारी मित्राला भेटायला हॉस्पिटलात गेले. खाटेची चाकं किरकिरत होती, काकांना राहवेना. मित्राचा डोळा लागताच त्यांनी चारी चाकांना तेल घातलं, वर चाकांची खिट्टीही सैल करून ठेवली. मित्राने कूस बदलली आणि खाटेसकट दारापर्यंत गेला. पुढे तो बरा होऊन घरी आला. काकांशी मात्र अजून बोलत नाही.

अशा माणसाच्या घरात काय ऐकू येणार? दार उघडलेलं कळत नाही, कपाट मिटलेलं कळत नाही, खुर्ची सरकलेली कळत नाही. सून नवीन आली तेव्हा दचकून दचकून अर्धी झाली. चहा गाळताना वळून बघावं तर सासरा मागे उभा. आठवडाभरातच तिने तोंड उघडलं.

“बाबा, घरात वावरताना जरा पाय आपटत चला.”

“मी काय घोडा आहे?”

“घोडा बरा. निदान येतोय हे कळतं.”

सासरा-सुनेच्या युद्धाची ही पहिली तोफ. ती त्या घरात झडली असल्यामुळे हळू आवाजात झडली, एवढंच.

सून चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर लोकांना अक्षरांच्या पाटीसमोर बसवायचं आणि त्यांना काय दिसत नाही ते शोधून काढायचं, हे तिचं काम. त्यामुळे तिची नजर अशी झालीय की समोरच्याने उगाच डोळे चोळावेत. बोलते कमी, पण प्रत्येक शब्दाला धार लावून आणते. तिचा नवरा, म्हणजे काकांचा मुलगा, लिफ्ट दुरुस्त करतो. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसाने काय करायचं हे त्याला पक्कं ठाऊक आहे: घंटा वाजवायची आणि शांत बसून राहायचं. घरात घंटा नव्हती, म्हणून तो नुसताच शांत बसायचा.

आणि मग फौजदार. फौजदार हा काकांचा कुत्रा. तपकिरी रंग, एक कान कायमचा मोडलेला, बांधा लोखंडी ट्रंकेसारखा. काका एका गोदामाचं शटर दुरुस्त करायला गेले होते, तिथून हत्यारांच्या पिशवीत घालून हे पिल्लू घेऊन आले. गोदामाच्या रखवालदाराची तक्रार अशी की ते फार केकाटतं. काकांना ते आव्हानच वाटलं असणार. पुढे काकू गेल्या. त्यानंतर काका घरात ज्याच्याशी चार वाक्यं सलग बोलत असा फौजदारच उरला. तो त्यांच्या खाटेजवळ झोपायचा, त्यांच्याबरोबर जिना उतरायचा, दुकानाच्या फळीखाली पडून गिऱ्हाइकांचे बूट हुंगायचा.

मग घरात नात आली. तिचं खरं नाव बारशाच्या दिवशीच सगळे विसरले, कारण रांगायला लागल्यापासून ती एका जागी ठरलीच नाही. सगळे तिला भिंगरी म्हणतात. ती जिथे दिसते तिथे नसते, आणि जिथे नको तिथे असते.

तर ही भिंगरी एकदा रांगत रांगत खिडकीखालच्या फौजदाराच्या गोणपाटापर्यंत गेली. फौजदार जेवत होता. तिने त्याच्या ताटलीत हात घातला, आणि त्या मुक्या घरात आवाज झाला: “घुर्रर्र.”

सुनेने झडप घालून पोरीला उचललं. दुसरा कोणी आजोबा असता तर घाबरला असता. काकांना लाज वाटली. जन्मभर लोकांची कुरकुर बंद केली आणि स्वतःच्याच घरात गुरगुर! सुताराच्या घरची खुर्ची लंगडी निघावी तसा त्यांचा चेहरा झाला.

“उद्यापासून हे बंद,” काका म्हणाले.

“काय बंद?” सुनेने विचारलं.

“आवाज.”

त्यांनी उपाय सुरू केला. वर्तमानपत्राची सुरळी सतत हाताशी. फौजदार गुरगुरला की नाकावर सुरळीचा फटका आणि बाल्कनीत रवानगी. भिंगरी जवळ आली आणि तो गप्प राहिला की बिस्कीट. काका दुकानात असले की सुरळी मुलाच्या हातात. कुत्रा हुशार. बोललं की मार आणि गिळलं की बिस्कीट, हे त्याला थोड्याच दिवसांत समजलं. ऑफिसात काही माणसांची हे समजण्यात अर्धी नोकरी जाते.

फौजदाराने गुरगुरणं सोडलं. भिंगरीने शेपटी ओढली, गप्प. कानात चमचा घातला, गप्प. तो झोपलेला असताना त्याच्या पोटावर बसली, गप्प. काका जिन्याखाली बसून प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे, “आमचं कुत्रं बघा. एवढं धूड, पण आवाज नाही. बिजागरीसारखं केलंय त्याला.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. सुनेने डोलावली नाही.

“बाबा, तो तोंड फिरवतो.”

“कोण?”

“फौजदार. भिंगरी जवळ गेली की भिंतीकडे बघतो. ओठ चाटतो. पुढ्यात खायला काही नसताना चाटतो. डोळ्यांचं पांढरं दिसायला लागतं.”

“चष्म्याच्या दुकानात बसून बसून तुला सगळ्यांच्याच डोळ्यांत खोट दिसायला लागलीय. आता कुत्र्याला चष्मा कर.”

“करेन. पण आधी तुमचा नंबर काढावा लागेल.”

“पाणी दे जरा,” मुलगा मध्येच म्हणाला. त्याच्यापुढे पाण्याचे दोन भरलेले पेले होते.

त्या दिवसापासून उघड युद्ध सुरू झालं. सून कामावर जाताना कपडे वाळत घालायचं स्टँड आडवं टाकून भिंगरीची आणि फौजदाराची हद्द आखायची. काका ते उचलून जागेवर ठेवायचे. सून परत आल्यावर पुन्हा आडवं. काकांचा पुन्हा त्याला हात. एका संध्याकाळी तिने ते स्टँड पलंगाच्या पायाला दोरीने बांधून टाकलं. काकांनी दोरी कापली आणि तिचे दोन तुकडे नीट गुंडाळून तिच्या पर्सवर ठेवले.

“हा कुत्रा गोदामाच्या रखवालदाराकडे परत पाठवा,” ती म्हणाली.

“तू या घरात यायच्या आधीपासून तो इथे आहे.”

“मग उद्यापासून त्याच्याच हातचा चहा प्या.”

“पाठवायचाच असेल तर आधी मी जातो गोदामात.”

“तुमची सोय नाही व्हायची तिथे. तिथलं शटर फार वाजतं म्हणे.”

दुसऱ्या दिवसापासून काकांचा सकाळचा चहा बंद झाला. ते आमच्याकडे येऊन प्यायला लागले. चहा पिता पिता सुनेची निंदा आणि आमच्या दाराच्या कडीला तेल, असा दुहेरी कार्यक्रम असायचा. “ती म्हणते, पोरीला आणि कुत्र्याला एकटं सोडू नका. एकटं? मी असतो ना घरात! माझे कान काय तारेवर वाळत घातलेत? पलीकडच्या इमारतीत पंखा वाजला तर मला कळतं. माझ्या घरात कुत्रं गुरगुरलं तर कळणार नाही?”

हे खरंच होतं. गुरगुरलं असतं तर कळलंच असतं.

फौजदार आता म्हातारा झाला होता. एका दमात उठणं त्याला जमेना. पुढचे पाय आधी उभे राहायचे आणि मागच्यांची वाट बघत थांबायचे. जिना उतरताना तो एका बाजूला कलायचा. काका म्हणत, “वय झालंय. माझेही गुडघे कुठे वळतात?” सून म्हणाली, “डॉक्टरला दाखवा.” सून म्हणाली म्हटल्यावर दाखवायचा प्रश्नच मिटला.

एका रविवारी काकांनी ठरवलं की या सुनेला एकदाच काय ते गप्प करायचं. सगळ्या घराला गप्प केलं, तीच एक राहिली होती. साक्षीला म्हणून त्यांनी मला बोलावलं. मुलाच्या हातात मोबाइल दिला. “भिंगरी आणि फौजदार यांचा असा फोटो काढ की भिंतीवर लावता येईल. जेवताना रोज तिच्या समोर राहू दे.”

सून मागच्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. फौजदार नुकताच फिरून येऊन गोणपाटावर आडवा झाला होता. काकांनी भिंगरीला त्याच्या अंगाला टेकवून बसवलं, तिचे दोन्ही हात त्याच्या गळ्यात घातले आणि स्वतः शेजारी उकिडवे बसले.

“भिंगरे, फौजदारदादाला पापा दे.”

फौजदाराने तोंड भिंतीकडे वळवलं.

“लाजतोय,” काका म्हणाले.

फौजदाराने जीभ काढून ओठ चाटले, मग मोठी जांभई दिली.

“बघा, किती निवांत आहे! जांभया देतोय.” मग काकांनी डावं बोट वर केलं, मान तिरकी केली आणि डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात तसं ऐकायला लागले. “येतोय काही आवाज? सांगा, येतोय?”

नव्हताच येत. कुत्रा हलायचाही थांबला होता. नुसता पडलेला कुत्रा आणि लाकडाचा कुत्रा यांत काय फरक असतो तो मी त्या दिवशी पाहिला. शेपूट ताठ, मान ताठ, डोळ्याच्या कडेला पांढरी कोर. मुलगा म्हणत होता, “अजून थोडं जवळ.” भिंगरीने पापा द्यायला अंग पुढे टाकलं आणि तिचा गुडघा सगळ्या भारासकट फौजदाराच्या मागच्या पायावर गेला. काकांचा उजवा हात तिचा झगा सारखा करायला तिच्या गळ्याशी होता.

बाल्कनीचं दार उघडलेलं कोणाला कळलं नाही. त्या घरात ते कळायची सोयच नव्हती. एकदम बादली पडल्याचा आवाज आला आणि सुनेची किंकाळी, “उचला तिला!”

तोवर झालं होतं. दात वाजल्याचा एक कोरडा आवाज, बस. भिंगरीच्या झग्याची झालर फाटून गोणपाटावर पडली आणि काकांच्या अंगठ्यातून रक्त आलं. फौजदार खरडत खरडत टेबलाखाली जाऊन कोपऱ्यात थरथरत बसला. भिंगरी आधी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग तिने भोकाड पसरलं.

सुनेने तिला खिडकीशी नेऊन गाल, मान, कान, बोटं, सगळं उजेडात निरखून पाहिलं. कुठे ओरखडाही नव्हता. मग तिने पोरीला नवऱ्याच्या हातात दिलं आणि सासऱ्याला मनगट धरून नळाखाली नेलं. साबण लावून धार सोडली. काकांनी हात मागे घेतला की ती परत ओढायची. पाणी वाहत होतं आणि ती बोलत होती.

“हलू नका. भरपूर वेळ धुवायचं असतं. झोंबतंय? झोंबू दे. तुमचा हात मध्ये नसता तर इथे तिचा गाल होता. ऐकू येतंय ना? कान चांगले आहेत ना तुमचे? साऱ्या जगाला तेल घालत फिरता, एकदा स्वतःच्या डोळ्यांत घातलं असतंत तर!”

 मुलगा काकांना घेऊन हॉस्पिटलात गेला. तिथे जखम पुन्हा धुतली गेली, पट्टी झाली. फौजदाराला सगळ्या लशी दिलेल्या होत्या, तरी काकांना सुया टोचून घ्याव्या लागल्या. पुढच्या खेपांच्या तारखाही हातात मिळाल्या.

दुसऱ्या दिवशी फौजदाराची पाळी. जनावरांच्या डॉक्टरीणबाई उंच, घाईत असलेल्या आणि कोणाचीही भीड न ठेवणाऱ्या. त्यांनी फौजदाराच्या मागच्या पायाच्या खुब्यावर दोन बोटं दाबली. फौजदार ताठ झाला, ओठ चाटले, भिंतीकडे बघू लागला.

“हा ओरडत का नाही?”

“शिस्तीचा आहे,” काका म्हणाले. आवाजात थोडा जुना अभिमान शिल्लक होता.

“याच्या खुब्याचा सांधा घासून गेलाय. इथे हात लावल्यावर कुठलाही कुत्रा गुरगुरेल. गुरगुरायलाच हवं.”

“मी सोडवली त्याची ती सवय.”

बाईंनी हातातली नळी टेबलावर ठेवली. “काय करता तुम्ही?”

“कुरकुर बंद करतो. पंखे, शटरं...”

“पंखा आवाज करायला लागला तर काय करता? कानात बोळे घालता?”

“छे! आधी बेअरिंग बघतो. आवाज आला म्हणजे आत काहीतरी...” काका इथे थांबले. पुढचं वाक्य ते आयुष्यात हजारदा बोलले असतील, पण त्या दिवशी ते तोंडातून बाहेर पडेना.

बाईंना दया नव्हती. “गुरगुर म्हणजे ‘लांब हो’. त्याच्याजवळ तेवढाच एक शब्द होता, तो तुम्ही मारून मारून काढून घेतलात. दुखणं तसंच ठेवलंत. मग त्याच्यापाशी उरलं काय? दात. आणि पोरीला त्याच्या गळ्यात टाकून फोटो काढता? एवढी हौस असेल तर कापसाचा कुत्रा आणा.” मग त्या कागदावर गोळ्या लिहीत लिहीत म्हणाल्या, “मूल आणि कुत्रा, दोघंच एका खोलीत कधीही नकोत. मोठं माणूस हाताच्या अंतरावर पाहिजे, दुसऱ्या खोलीतून कान देऊन नाही. तो जेवताना, झोपलेला असताना मुलाने जवळ जायचं नाही. त्याला त्याची वेगळी जागा द्या. आणि पुन्हा गुरगुरला तर मारू नका, मूल उचला. पुढचा कोण आहे, आत या.”

घरी आले तर दारात बॅग भरून तयार. सून तिच्याशेजारी भिंगरीला कडेवर घेऊन उभी.

“तो जाईल नाहीतर आम्ही जाऊ,” ती म्हणाली. “दोन्हीपैकी काय ते उद्या संध्याकाळपर्यंत सांगा.”

मुलगा तोंड उघडणार होता, पण तो पुन्हा दोन मजल्यांच्या मध्ये जाऊन थांबला. काकांनी एकदा बॅगेकडे पाहिलं, एकदा भिंगरीच्या अंगातल्या कालच्याच झग्याकडे. फाटलेल्या झालरीचा दोरा तिच्या खांद्यावरून लोंबत होता.   ते वळले आणि जिना उतरून दुकानात गेले. तिथे कुपी हातात घेऊन बघितली. पट्टीच्या अंगठ्याने ती दाबली जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्या घरातून ठोकाठोकीचा आवाज यायला लागला. त्या घरातून! गल्लीतले लोक खिडक्यांत आले. मीही गेलो. काका डाव्या हाताने फळ्या धरत होते, मुलगा खिळे ठोकत होता. काकांची खोली आणि बाकीचं घर यांच्यामधल्या बोळात छातीएवढं लाकडी फाटक उभं राहत होतं. फौजदाराचं गोणपाट, ताटली, पाण्याचं भांडं, सगळं काकांच्या खोलीत गेलं होतं. काकांच्या खाटेला त्यामुळे इतकी कमी जागा उरली होती की झोपताना पाय दुमडून घ्यावे लागणार होते.

सून हाताची घडी घालून बघत होती. बॅग अजून दारातच.

“फाटक कायम बंद,” ती म्हणाली.

“हं.”

“त्याचं खाणं आत, फाटकाच्या पलीकडे. तो खाताना ही इकडे.”

“हं.”

“मी कामावर असताना दोघं एकत्र असतील तर तुम्ही त्यांच्या मध्ये. खुर्चीवर नाही, दुकानात नाही. मध्ये.”

“हं. जमिनीवर बसतो. झालं?”

“आणि वरची कडी तिच्या हाताला येणार नाही एवढी उंच.”

“एवढं मलाही कळतं.”

“परवा कळलं नव्हतं.”

मुलाने शेवटचा स्क्रू आवळला आणि फाटक लोटलं. नव्या बिजागरीने असा काही किर्रर्र आवाज केला की समोरच्या छपरावरचा कावळा उडाला. काकांच्या अंगावर काटा आला. त्यांचा डावा हात आपोआप खिशात गेला आणि कुपीची चोच बाहेर आली.

“खबरदार!” सून म्हणाली.

“काय?”

“त्याला तेल घालायचं नाही.”

“अगं, काय बोलतेस? हे असं वाजत राहणार?”

“वाजलंच पाहिजे. हे फाटक कोणी उघडलं तर मला स्वयंपाकघरात ऐकू यायला हवं, न्हाणीघरात ऐकू यायला हवं. या घरात आजवर काही म्हणजे काही ऐकू आलेलं नाही.”

“लोक काय म्हणतील? तेलकाकांच्या घरात...”

“बोलवा ना लोकांना. साक्षीला तर नेहमीच बोलावता.” माझ्याकडे न बघताच तिने हे माझ्याही पदरात टाकलं. “बॅग दारातच आहे, बाबा.”

काकांनी कुपी खिशात ठेवली. कोणी तलवार म्यानात ठेवणार नाही इतक्या जड हाताने ठेवली.

फौजदार राहिला, सून राहिली, बॅगही दारातच राहिली. येणारा-जाणारा तिला अडखळायचा आणि सून ती हलवायची नाही. घरात बोलणं कामापुरतंच. फाटक मात्र दिवसभर बोलायचं. गल्लीतल्या लोकांना किती वर्षांची भरपाई मिळाली! “काका, तुमच्या घरात कोणीतरी कुरकुरतंय.” काका म्हणत, “सून आहे.” एका गिऱ्हाइकाने तर तेलाची छोटी बाटली आणून दिली. “घरी वापरा,” म्हणाला. काकांनी त्याचं शिवणयंत्र तसंच परत पाठवलं.

पुढे काकांचा अंगठा बरा झाला. कुपी पुन्हा टक् टक् करू लागली. फौजदारालाही गोळ्यांनी थोडा आराम पडला. फाटकाची बिजागरी मात्र वापरून वापरून आपोआपच मऊ पडायला लागली, आवाज बारीक झाला. एका सकाळी मी कशाला तरी गेलो तर काका वाटीत मिठाचं पाणी घेऊन बिजागरीला चिंधीने लावत बसलेले.

“हे काय, काका?”

“गंज चढवतोय,” काका इकडे-तिकडे बघत कुजबुजले. “बाहेर बोलू नका. धंदा बसेल.”

तेवढ्यात आतून सून म्हणाली, “खालच्या बिजागरीलाही लावा.”

फौजदार अजून मुका होता. भिंगरी फाटकाच्या फटींतून त्याच्याशी गप्पा मारायची, तो ओठ चाटून भिंतीकडे बघायचा, आणि काका मध्ये जमिनीवर बसून त्याच्या डोळ्यांकडे बघायचे. बसून बसून त्यांचे गुडघे आखडले. पण आता त्यांना पांढरी कोर दिसायला लागली होती. दिसली की भिंगरीला उचलून दुसरीकडे नेत. हे त्यांनी सुनेला सांगितलं नाही. तिला ते दिसलंच असणार.

एका सुट्टीच्या दिवशी सगळे घरात होते. मी वर्तमानपत्र मागायला गेलो होतो. मुलगा ते वाचत होता आणि देत नव्हता. काका त्यांच्या जागी जमिनीवर. फौजदार फाटकापलीकडे जेवत होता, आणि कोणी बघायच्या आत भिंगरीने काकांना वळसा घालून लांब दांडीचा चमचा फटीतून आत खुपसला.

फौजदार खायचा थांबला. मान खाली, अंग ताठ. आणि मग किती दिवस बंद पडलेलं यंत्र कोणी कळ दाबून चालू करावं तसा खालून, खरखरत, अडखळत आवाज आला: “घु... घुर्रर्र.”

मुलाच्या हाताला जुनी सवय. वर्तमानपत्राची सुरळी झालीसुद्धा, हात वर गेलासुद्धा. काकांनी बसल्या जागेवरून त्याचं मनगट पकडलं. पट्टी सुटलेला पसरट अंगठा मनगटात रुतला.

“खाली कर.”

“पण बाबा, तो गुरगुरला...”

“ऐकलं मी. खाली कर म्हणतो ना!”

दुसऱ्या हाताने त्यांनी भिंगरीला कमरेला धरून मागे ओढलं. चमचा आतच राहिला. फौजदाराने फटक्याची वाट बघत डोळे मिटून घेतले होते. फटका आला नाही. त्याने एक डोळा उघडला, मग दुसरा, मग ताटलीत तोंड घातलं.

सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिने सासऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याच्या हातातल्या सुरळीकडे पाहिलं, आणि पोरीला उचलून घेतलं.

“भिंगरे, फौजदारदादा काय म्हणाला?”

“लांब हो!” भिंगरी म्हणाली. हे तिला कोणी शिकवलं होतं ते उघडच होतं. मग आपलं ज्ञान वाया जाऊ नये म्हणून तिने बोट दाखवून आणखी सांगितलं, “आजोबा, लांब हो!”

“हेही शिकवलंस वाटतं?” काका म्हणाले.

“नाही,” सून म्हणाली, “ते तिचं तिला सुचलं.”

संध्याकाळी मी पुन्हा वर्तमानपत्रासाठी गेलो तेव्हा दारात अडखळायला बॅग नव्हती. मुलगा स्टुलावर चढून ती माळ्यावर सरकवत होता आणि तोंड लाल करून धापा टाकत होता.

“एवढी जड कशी?” मी विचारलं.

“रिकामी कुठे केलीय?” आतून सुनेचा आवाज आला. “भरलेलीच राहू दे. आणि ते फाटक लावा कोणीतरी.”

काकांनी फाटक लावलं. किर्रर्र.